नंदादीपाजवळची तुरटी

कार्तिक महिनाभर मनुबाईंच्या देवघरात नंदादीप तेवत असे. कवठे महांकाळच्या त्या घरात देवघराच्या फळीला दुसरं कुणी हात लावत नसे, म्हणूनच शेजारच्या झोयाने आपली बरणी तिथं आणून ठेवली होती. बरणीत तुरटीचं पाणी आणि दोऱ्याला टांगलेला हरभऱ्याएवढा खडा. सोमवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. तोवर खडा सुपारीएवढा व्हायला हवा होता.

गुरुवारी बघते तर तो मुगाएवढा.

"आमच्या बोअरच्या पाण्यात खार लय, काकू," झोया नाक ओढत म्हणाली. "त्याचंच काम हाय."

मनुबाईंच्या हातातली माळ थांबली. आळ बोअरवर गेला होता. गप्प बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं. पण खोटं न बोलण्याचा त्यांचा नेम होता, आणि हे गप्प बसणं त्यांना खोट्यासारखंच वाटलं.

"खाराचं मला म्हाईत न्हाई, बाई. पर बरणी मीच दिव्याला लावून ठेवली. म्हटलं, तुझ्या खड्याला देवाची ऊब लागू दे."

झोयाने बरणीला हात लावला. कोमट होती. "आवं काकू, ऊन पाण्यात तुरटी जास्त विरघळती. खडा वाढायचा सोडून पाण्यातच गेला की."

"मग दिवा हलवू का?" मनुबाईंचा आवाज चाचरला.

"दिवा कशाला? बरणी हलवू."

झोयाने फिल्टरचं पाणी आणलं. ते तापवून त्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवली आणि पाणी फडक्याने गाळून घेतलं.

"फ्रिजात ठिवू? तीनच दिवस राहिलेत. पर सर म्हणत्यात, घाईनं गार केलं की तळाला नुसता चुरा बसतो."

"मग दही लावतो तसं लावू," मनुबाई म्हणाल्या. "थांब, कोमट हू दे. कढत दुधात विरजण घालत्यात व्हय?"

पाणी कोमट झाल्यावर तोच मुगाएवढा खडा आत सोडला. पाणी सावकाश निवावं म्हणून बरणी गोधडीत गुंडाळून ज्वारीच्या डब्यात खोल पुरली. तीन दिवस मनुबाईंनी डब्याला हात लावला नाही. भाकरीचं पीठसुद्धा शेजारून मागून आणलं.

सोमवारी पहाटे, पूजा आटोपल्यावर, दोघींनी गोधडी सोडली.

"सुपारी न्हाई झाली," झोया म्हणाली.

"पावट्याएवढा हाय. पर आरपार दिसतंय बघ."

झोयाने दोरा धरून खडा नंदादीपासमोर नेला. त्याच्या कडांवर ज्योत थरथरली. मनुबाईंनी हळूच तिचं मनगट धरून वीतभर मागं ओढलं.

"लांबनंच दाव देवाला. एकदा शेकलाय तेवढा पुरे."