डोळ्याकडचा तुकडा

नांदेडात आमच्या अत्तारीच्या, म्हणजे अत्तर-जडीबुटीच्या दुकानातला लेप तीन पिढ्यांपासून चालतो. पाय मुरगळला, गुडघा सुजला, की माणूस आधी आमच्याकडे येतो, मग डॉक्टरकडे. त्या लेपात मुख्य वस्तू एकच, भुईचाफ्याचं मूळ. चाळीस वर्षं मी ते वाळवलं, कुटलं, विकलं. फूल मात्र कधी पाहिलं नव्हतं आणि त्याची लाजही वाटली नव्हती. आपला धंदा मुळाचा, फुलाशी काय करायचंय, असं मी म्हणायचो.

मूळ यायचं माहूरच्या जंगलातून. पारूबाई खणायची, तिच्या आधी तिची सासू खणायची. आमचे अब्बा तुटकं मूळही घ्यायचे. मी गादीवर बसलो आणि तो ढिलेपणा बंद केला. मूळ अख्खं पाहिजे, तुटकं मी परत पाठवायचो. काउंटरवर अख्खं मूळ ठेवलं की गिऱ्हाइकाचा भरवसा बसतो.

यंदा पारूबाईने जेमतेम एक थैली माल पाठवला, तोही बोटाएवढा बारीक. सोबत निरोप, की पुढच्या साली काहीच येणार नाही. माझं डोकंच फिरलं. भुईचाफा नाही तर लेप नाही, आणि लेप नाही तर दस्तगीर अत्ताराला विचारतो कोण? मुलगा मोहसीन म्हणाला, फोनवर बोलून घ्या. पण असली भांडणं मी समोरासमोर करतो. तीच थैली उचलली, एसटीने माहूर गाठलं, साडूकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पारूबाईच्या दारात उभा राहिलो.

वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं तिला ऐकवलं. चांगला माल दुसऱ्या कुणाला विकतेस का, असंही विचारलं. तिने कमरेला खुरपं खोचलं आणि चला म्हणाली.

वैशाख होता. साग पार उघडे पडले होते आणि पायाखाली वाळकी पानं पापडासारखी मोडत होती. ओढ्याच्या उतारावर आंबा-जांभळाची दाट सावली लागली, तिथे ती थांबली. मी पाहिलं तर नुसती भुई. पान नाही, गवताची काडी नाही. उजाड जागा दाखवून बाई मला गप्प बसवते आहे, असं वाटलं. दम लागला होता, म्हणून थैली टेकवून तिथेच बसायला गेलो.

"भाई, पाय हलवू नका," पारूबाई म्हणाली.

आणि मला वास आला. माझं नाक अत्ताराचं आहे. केवडा, खस, ऊद, डोळे बांधून सांगेन. हा वास मला ठाऊक नव्हता. गोड, थंड, आणि त्याच्या तळाशी अगदी पुसट असा माझ्या खलबत्त्यातला ओळखीचा कडवटपणा. मी वाकलो. माझ्या बुटापासून चार बोटांवर, वाळक्या पानाच्या कडेला, थेट मातीतून एक फूल उघडलं होतं. ना देठ, ना पान. पांढऱ्या पाकळ्या आणि मधली जांभळी, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. मग दुसरं दिसलं, मग पलीकडे तिसरं. माती विटेसारखी कडक होती. तीतून एवढं नाजूक काही न फाटता वर कसं आलं, ते मला कळेना. सुभानअल्लाह म्हणालो, तेही हळूच, कारण मोठ्याने बोललो तर ते मिटेल अशी भीती वाटली. साठी उलटलेल्या माणसाने कबूल करायला हरकत नाही, माझे डोळे भरून आले.

पान पावसात येतं, पारूबाईने सांगितलं. फूल आधी, आणि तेही एकाच दिवसाचं, सांजेपर्यंत मान टाकणारं. मी गुडघ्यांवर रांगत सगळा उतार शोधला. अकरा फुलं निघाली. एवढीच का, असं तिला विचारलं.

"मी लग्न होऊन आले तवा हा उतार पांढरा व्हायचा," ती म्हणाली. "सासू मूळ मोडायची. डोळ्याकडचा तुकडा परत भुईत, बाकीचा तुमच्या अब्बांना. मग तुम्ही म्हणलात, तुटकं चालत न्हाई. तवापासून आम्ही अख्खं देऊन राहिलो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. गिऱ्हाइकासमोर मी ज्या अख्ख्या मुळांचा तोरा मिरवत होतो, ती याच उतारावरची होती. मी स्वतःच्या हाताने तो रिकामा केला होता.

थैलीतली मुळं मी वाळत घातली नव्हती, भांडणात दाखवायला तशीच आणली होती. एक हातात घेतलं. टोकाला डोळा होता, तांदळाएवढा, नुकता फुटू पाहणारा. मी ते मूळ मोडलं. ओलं मूळ मोडताना कट्‌ असा आवाज होतो, हे मला माहीतच नव्हतं. पारूबाईने खुरप्याने माती उकरली. मी डोळ्याकडचा तुकडा आत ठेवला आणि तिने वर पानं सारली. थैलीतलं शेवटचं मूळ संपेपर्यंत आम्ही तेच करत राहिलो.

उरलेले तुकडे घेऊन घरी आलो. मोहसीनने थैली उघडली. म्हणाला, "अब्बा, हा तर सगळा तुटका माल आहे."

"हाव," मी म्हणालो. "आता तीन वर्षं काहीच घ्यायचं नाही. त्यानंतर असाच घ्यायचा."