शेडमधला किल्ला

सुमेधाने किचनच्या खिडकीचा ब्लाइंड खाली ओढला आणि बागेतली शेड दिसेनाशी झाली. शेडच्या दाराला जाड प्लॅस्टिकचा पडदा लावून, पांढऱ्या कपड्यांतली, तोंडावर मास्क चढवलेली दोन माणसं नुकतीच आत शिरली होती.

"ऊन येत होतं का?" बाबांनी विचारलं.

ऑक्टोबर अखेरीस नॉटिंगहॅममध्ये सकाळी नऊला ऊन!

"ती माणसं केमिकल मारणारेत, बाबा. शेडच्या लाकडाला बुरशी लागलीय. तुम्ही बाहेर जाऊ नका हं."

"बरं," म्हणून बाबा चहात बिस्किट बुडवू लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाशी खोटं बोलणं इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

शेडमध्ये दिवाळीचा किल्ला होता. एकतीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा ती आठ वर्षांची, धाकटा अजय सहाचा. इथल्या बागेतल्या चिखलाचा किल्ला दुसऱ्या दिवशी बसायचा, आणि अजय भोकाड पसरायचा. बाबा एका हॉस्पिटलच्या बॉयलर हाउसमध्ये फिटर होते. त्या वर्षी ते वाफेच्या पाइपांना लिंपून उरलेल्या पांढुरक्या पावडरीचं एक कागदी पोतं घरी घेऊन आले. पाणी घातलं की तिची कणीक व्हायची, आणि वाळली की दगड. दोघांनी कोपरापर्यंत हात घालून ती मळली. अजय तर कोरडी पावडरच मुठीमुठीने उधळत "स्नो! स्नो!" करत नाचला होता.

तोच किल्ला पाच दिवाळ्या मांडला. बाजूने क्रेसची, म्हणजे अळिवाची, रोपं उगवायची आणि पुण्याहून आलेले मातीचे मावळे उभे करायचे. मग एका वर्षी बाबांनी शेडला कुलूप ठोकलं, ते कायमचं. कारण विचारलं तर अंगावर आले. पुढे दर दिवाळीला ते एकटेच शेडमध्ये जाऊन किल्ल्याला रंग देऊन यायचे. म्हाताऱ्याचं खूळ, म्हणून मुलांनी सोडून दिलं.

आता सुमेधाही हॉस्पिटलातच होती, इमारतींच्या देखभालीच्या खात्यात. जुन्या इमारतींमधलं अ‍ॅस्बेस्टॉस शोधून त्याची नोंद ठेवायचा कायदा आला आणि तिला ट्रेनिंगला पाठवलं. शिकवणाऱ्याने पडद्यावर अगदी तसल्याच कागदी पोत्यांचा फोटो दाखवला. पाण्यात कालवून पाइपांवर थापायचे, म्हणाला. त्याची धूळ छातीत गेली की होणारा आजार तीस-चाळीस वर्षं झोपून राहू शकतो, हेही त्याने बसचं टाइमटेबल सांगावं तसं सांगितलं. बाकीचे वीस जण लिहून घेत होते. सुमेधा स्वतःचे तळहात बघत बसली.

त्याला पाच आठवडे झाले होते. डोळे मिटले की पापण्या पांढऱ्या झालेला सहा वर्षांचा अजय समोर उभा राही आणि खिदळत असे. बाबा लायब्ररीत गेलेले बघून तिने त्यांच्या किल्लीने शेड उघडली आणि लॅबच्या माणसाकडून नखाएवढा तुकडा तपासून घेतला. रिपोर्ट यायचा तोच आला: अ‍ॅस्बेस्टॉस. आज अकराला अजय किल्ला न्यायला येणार होता. मंडळाच्या दिवाळीत त्याच्या लेकीला, दियाला, तो मांडायचा होता. अजय यायच्या आत किल्ला हलवायचा होता. अजयला ती सांगणारच होती, सांगणं भागच होतं. पण बाबांना कळता कामा नये. एवढ्या हौसेनं, स्वतःच्या हातांनी मुलांना काय आणून दिलं, हे या वयात त्यांना कोण सांगणार? या सकाळकडून तिला एवढंच हवं होतं.

साडेदहाला तिला बाहेर बोलावलं. दोघांतला वयस्क कामगार मास्क काढून उभा होता.

"झालं. ओला करून दुहेरी पिशव्यांमध्ये सील केलाय. तो रंग कुणी दिला, डक?" नॉटिंगहॅमची जुनी माणसं सगळ्यांनाच 'डक' म्हणतात.

"वडिलांनी."

"तो नुसता रंग नाही. खाली सीलर आहे. कण उडू नयेत म्हणून आम्ही मारतो, तोच. पंचवीसेक थर असतील. तळाला, बुरुजांच्या आतून, एक फट सोडलेली नाही. हौस म्हणून असं कोणी करत नाही."

तिने सही केली. ती कुठे केली हे तिला नंतर आठवेना.

ती आत आली तेव्हा ब्लाइंड वर होता. बाबा सिंकपाशी कप विसळत शेडकडे बघत होते.

"कधीपासून माहीत होतं?"

"एकोणऐंशी सालापासून. बॉयलर हाउसमधले दोघं एकाच वर्षी गेले. मग युनियनवाले येऊन त्या पावडरीच्या धोक्याचे कागद वाटून गेले." त्यांनी कप पालथा घातला. "फोडायला जावं तर उडणार. कौन्सिलला बोलवावं तर विचारणार, कोणी आणलं, कोण खेळलं. धीर झाला नाही गं. मग गप्प बसवून ठेवला त्याला."

"आम्हाला सांगायचं होतं!"

"तेरा वर्षांची होतीस तू. सांगून काय दिलं असतं तुला? भीतीच ना? ती मला एकट्याला पुरली."

"मी पाच आठवडे झोपले नाहीये, बाबा. तुम्हाला कळू नये म्हणून." ती चिडून बोलायला गेली आणि मधेच रडायला लागली. बाबांनी ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला, आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"अजय ओढतो," ते म्हणाले.

तिला माहीत होतं. ती पावडर छातीत गेलेल्याला सिगरेट कितीतरी पटीने जास्त घातक, हेही आता माहीत होतं. वीस वर्षं या घरात सिगरेटवरून महाभारत चाललं होतं. बाबा पाकिटं कचऱ्यात फेकायचे, किंचाळायचे; अजय एकदा रागाने दोन वर्षं फिरकला नव्हता.

"खरं कारण सांगितलं असतं तर सोडलीही असती. दर वेळी वाटायचं, आज सांगू. आणि नुसता ओरडत सुटायचो." "ते मात्र माझं चुकलं."

बेल वाजली. अजय हातमोजे घालूनच आला होता.

"किल्ला रेडी आहे ना? बॅक सीट पूर्ण फोल्ड केलीय मी."

सुमेधा पुढे झाली. बाबांनी तिला हातानेच थांबवलं आणि कोट चढवला.

"चल, कोपऱ्यापर्यंत चालून येऊ."

"आत्ता? ताई, काय चाललंय यांचं? व्हॉट्स ही ऑन अबाउट?"

"जा त्यांच्याबरोबर," ती म्हणाली.

ती दारातच उभी राहिली. फाटकाशी पोचताच अजयने सवयीने सिगरेट तोंडात धरली, मग बाबा शेजारी आहेत हे लक्षात येऊन घाईघाईने परत पाकिटात सारू लागला.

"राहू दे. ओढ," बाबा म्हणाले.

अजयने ती पुन्हा अर्धवट बाहेर काढली.

"पेटव. निवांत ओढ. संपली की सांगतो."

वाऱ्यात लायटर पेटेना. दोनदा, तीनदा खटखट झाली. तेव्हा बाबांनीच जवळ सरकून दोन्ही हातांचा आडोसा केला.