घासलेला रुपया

मित्रांनो, मी एक जुना चांदीचा रुपया आहे. माझ्यावर दाढीवाला राजा आहे, म्हणून तरुणपणी मी जरा तोऱ्यातच असे. टांकसाळीतून निघालो तेव्हा या हातातून त्या हातात फिरायचं, एवढंच ठाऊक होतं. पण बोईसरजवळच्या नवापूरच्या एका मच्छीमार घरात शिरलो आणि तिथलाच झालो.

त्या घरच्या मंजुळाबाईंनी मला कधी मोडलं नाही. बाळाचं उष्टावण असलं की त्या मला धुऊन खिरीत बुडवत आणि त्याच्या ओठांना लावत. त्यांच्या कमलाकांतने पहिला घास माझ्यावरूनच चाटला, पुढे त्याच्या लेकाने, दर्पणनेही. एरवी मी सुक्या बोंबलांच्या डब्यामागे चिंधीत पडून काळा होत असे. फार वाईट वाटे. काळवंडलेल्याला कोण विचारणार?

विचारणारा भेटला. पालघरला मेहुल नावाचा जुनी नाणी पारखणारा आहे. कमलाकांतला नवं जाळं घ्यायचं होतं. माझा फोटो बघून मेहुल हरखला आणि कमलाकांतने मला विकायचा शब्द देऊन टाकला. पालघरला जायच्या आदल्या दिवशी मेहुलचा फोन कमलाकांतच्या बायकोने, हंसाने, स्पीकरवर घेतला.

"काकी, त्याला काही लावू नका हां. आहे तसाच आणा."

हंसा "बरं" म्हणाली. मग चिंच आणि राख घेऊन बसली आणि मला घासघास घासलं. बिचारी विसरली, असं मला वाटलं. मी मात्र खूश! कसा लखलखत होतो!

दुसऱ्या दिवशी दोघं मला घेऊन पालघरला गेली. मेहुलने मला कडेने धरून भिंगाखाली फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काका, या सालचे रुपये क्वचितच मिळतात. पण नुसत्या सालाने काय होतंय? इतक्या वर्षांची काळसर झाक गेली. दाढीवर ओरखडे आलेत बघा. आता चांदीच्या भावानेच घेईन."

ज्या काळेपणाची मला लाज वाटत होती, तेच माझं मोल होतं. मला रडू कोसळायचं बाकी होतं.

तेवढ्या पैशांत जाळं येणार नव्हतं. कमलाकांतने मला खिशात टाकलं. परतताना बोईसरला रिक्षाची वाट बघत तो हंसाला म्हणाला, "मेहुलनं तुला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं व्हतं."

"मंग?"

"सून पोटुशी हाय. तिच्या लेकराचं उष्टावन कशानं करायचं? तुमचं पन यानंच झालं."

"तोंडानं सांगायचं ना!"

"तुमी शब्द देऊन बसलेले. ऐकलं असतं?"

कमलाकांतने मला खिशातून काढून तिच्या हातावर ठेवलं. "आनि जाळं?"

"जुनंच शिवू. मी बसते संगती."

मित्रांनो, मला हात असते तर जोडून सांगितलं असतं. जुन्या नाण्याला चिंच, राख, लिंबू काही लावू नका. कडेने धरा, मऊ कापडात ठेवा, जाणकाराला दाखवा. घासायचंच असेल, तर हंसासारखं ठरवून घासा.

मी पुन्हा डब्यामागे आहे, हळूहळू काळाही पडतोय. सुनेचे दिवस भरत आलेत. डबा जरा हलला, की मला खिरीचा वास आल्यासारखा वाटतो.