काळ्या कागदातली बाटली

खिडकीच्या कट्ट्यावर बारा काचेच्या वाट्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि त्यांतल्या एकीतलेही स्फटिक हिरवे राहिले नव्हते. जेवणाच्या सुट्टीआधी ते गर्द हिरवे होते. आता प्रत्येकावर हळद सांडल्यासारखी पिवळी पूड धरली होती. विभागप्रमुख एकेक वाटी उचलून बघत होते आणि दर वाटीला त्यांचा आवाज थोडा चढत होता.

"मावशी, हे उन्हात कुणी ठेवलं?"

"मी ठेवलं, सर."

पुढे सर काय काय बोलले ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा, बारा मुलांची सकाळभराची मेहनत, बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमसमोर विभागाची गेलेली अब्रू, हे सगळं त्यात आलं. मावशीच्या वयाचाही उल्लेख आला. सर एरवी केबिनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकणारे. पण आज त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं आणि म्हणूनच ते मावशीला जास्त लागलं. मुलं भिंतीला चिकटून उभी होती. एका मुलीने तर रडायला सुरुवातही केली होती. परीक्षक मॅडम टेबलापाशी बसून कागदावर काहीतरी लिहीत होत्या आणि मान वर करत नव्हत्या.

चौतीस वर्षं मावशी या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होती. परीक्षानळ्या धुवायच्या, द्रावणं भरून ठेवायची, भाजलेल्या बोटांना मलम लावायचं आणि घाबरलेल्या पोरांना, अरे नळीच फुटली ना, डोकं तर नाही फुटलं, असं म्हणून हसवायचं. निकेलचा लाल साका खिडकीत वाळवायचा आणि लोखंडाचे हे हिरवे स्फटिक मात्र लाकडी कपाटात, अंधारात ठेवायचे, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. नव्या शिक्षकांनाही तीच सांगायची. हा पदार्थ उजेडाला हळवा आहे, ऊन लागलं की तुटतो आणि पिवळा पडतो. आणि आज तिनेच आपल्या हाताने बाराच्या बारा वाट्या उन्हात नेऊन मांडल्या होत्या. खरं सांगायचं तर तिचं लक्ष वाट्यांवर नव्हतंच. ते परीक्षक मॅडमच्या पाठीवर होतं.

मॅडम लहान असताना ती पाठ मावशीनेच कितीतरी वर्षं चोळून धुतली होती.

सगळं कॉलेज तिला मावशी म्हणायचं. प्राचार्य म्हणायचे, पहारेकरी म्हणायचा, काल आलेली पोरंसुद्धा म्हणायची. पण खरी भाची तिला एकच. बहीण गेली तेव्हा पोर सहा वर्षांची होती आणि मावशी पंचविशीची. बाप जहाजावर नोकरीला, वर्षातले दहा महिने पाण्यावर. तो पोरीला मावशीकडे ठेवून गेला. भेटायला आलेल्या बायका, माय मरो पण मावशी जगो, असं म्हणाल्या तेव्हा मावशीला संताप आला होता. ही म्हण ज्याने केली त्याच्या घरात कुणाची आई गेलेली नसणार, असं तिने त्यांना तोंडावर सांगितलं. पुढे पोरीचं करता करता तिच्या स्वतःच्या लग्नाचं राहून गेलं. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं ती म्हणायची, आणि बहुतेक दिवशी ते खरंही असायचं.

शाळा सुटली की पोर थेट प्रयोगशाळेमागच्या स्टोअरमध्ये यायची आणि उंच स्टुलावर बसून बाटल्यांवरची नावं वाचायची. तिला एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे, म्हणून मावशीने तिचं नाव टिपकागद ठेवलं. मावशीला ती नावं तोंडपाठ होती, पण ती तशी का, हे माहीत नव्हतं. मोठी झाल्यावर ते टिपकागदानेच तिला समजावलं. पोटॅशियम ट्रायऑक्झॅलेटोफेरेट. नाव हातभर लांब आहे, पण त्यात त्या पदार्थाचं सगळं घरदार सांगितलेलं असतं, ती म्हणाली होती. मधे लोखंड. भोवती तीन ऑक्झॅलेट, म्हणून ट्राय. एकेकाला दोन हात, म्हणजे सहा हातांनी लोखंड धरलेलं. नाव सांगताना धरणाऱ्यांचं आधी, धातूचं मागून. आणि त्या सगळ्या गोतावळ्यावर ऋण भार असला की लोखंडाला फेरेट म्हणायचं.

मावशीने विचारलं होतं, की ठीक आहे, पण धरतात ते कशाने? तर साध्या बंधात दोघंही एकेक इलेक्ट्रॉन देतात, इथे तसं नाही. इथे दोन्ही इलेक्ट्रॉन धरणाराच देतो. मधल्याला काहीच द्यावं लागत नाही.

"आयतोबाच आहे की मग तुझं लोखंड," मावशी म्हणाली होती, "अगदी तुझ्यासारखं."

त्यावर दोघी इतक्या हसल्या, की शेजारच्या वर्गातून कुणीतरी बघायला आलं.

सतराव्या वर्षी, शाळेची शेवटची परीक्षा झाल्यावर, टिपकागदाने मावशीकडून थोडा हिरवा पदार्थ मागून घेतला. त्यातला एक बारीक खडा दोऱ्याला बांधून तिने द्रावणात सोडला आणि पेला कपाटाच्या अंधारात ठेवला. पाच आठवड्यांत खडा अंगठ्याएवढा झाला. त्याच सुमारास बाप जहाजाची नोकरी सोडून परत आला. त्याने दुसरं लग्न केलं होतं, मोठ्या शहरात घर घेतलं होतं आणि मुलीला न्यायला तो आला होता. तिथे मोठमोठी कॉलेजं होती. इथे तेव्हा पदवीच्या पुढे काही नव्हतं आणि बाहेरगावी ठेवून शिकवायची मावशीची ऐपत नव्हती. पोर मात्र हटून बसली. मावशीला सोडून कुठे जाणार नाही म्हणाली. तीन दिवस जेवली नाही. तेव्हा मावशी आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलली.

"माझ्याच्याने आता होत नाही गं. मला जड झालीयेस तू. जा."

पोर रडली नाही. जाताना तिने तो खडा बाटलीत घातला, बाटली काळ्या कागदात गुंडाळली आणि मावशीच्या हातात कोंबली. मी आल्यावर उघडू, तोवर उघडायची नाही, उजेड लागला तर मरेल तो, असं तिने बजावलं आणि मागे न बघता गेली.

ती आली नाही. दोन वर्षं पत्रं आली, चार-चार ओळींची, परक्या माणसाला लिहावीत तशी. मावशीनेही तशीच उत्तरं लिहिली, कारण खरं लिहिलं असतं तर ही पोर शिक्षण टाकून पळत आली असती. मग पत्रंही थांबली. ती गेली त्याला बावीस वर्षं झाली. कागद विरला की मावशी स्टोअरचं दार लावून, दिवा मालवून, हातांच्या अंदाजाने नवा काळा कागद गुंडाळायची. आत कधी डोकावली नाही. मोह झाला नाही असं नाही. पुष्कळदा झाला.

आणि गेल्या आठवड्यात परीक्षकांची यादी आली. मावशीने ते नाव तीनदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. महिनाअखेरीला ती निवृत्त होणार होती. म्हणजे ते खोटं निस्तरायची हीच एक वेळ. ही हुकली तर ते आपल्याबरोबरच जाणार, हे तिला पक्कं कळत होतं. आठवडाभर ती मनात वाक्यं जुळवत राहिली. आज सकाळी मॅडम आल्या त्या सरांच्या आणि दोन शिक्षकांच्या गराड्यात. केसांत थोडं पांढरं, डोळ्यांना चष्मा, चालणं मात्र तेच, किंचित पुढे झुकून. त्यांची नजर मावशीवर येऊन थांबली. मग त्या म्हणाल्या, गाळणकागद थोडे जास्त आणून ठेवाल का? बस्स, एवढंच. एकेकाळी 'अगं' म्हणणारी पोर 'ठेवाल' म्हणाली. तिने गाळणकागद आणले, मुलांनी गाळलेले स्फटिक वाट्यांत घेतले आणि कपाटाकडे जायचं ते पाय खिडकीकडे वळले.

आता सरांनी निकाल देऊन टाकला. मुलांचं काय करायचं ते मॅडमनी ठरवावं, आणि मावशींबद्दल आपण आजच प्राचार्यांना लेखी देणार आहोत. निवृत्तीला तीन आठवडे उरलेल्या माणसाबद्दल लेखी देणं म्हणजे त्याचं पेन्शन अडकवणं, हे मुलांनाही कळलं. मावशीला त्या कागदाची भीती नव्हती. चौतीस वर्षांत पहिल्यांदा चुकले ती नेमकी हिच्यासमोर, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

मॅडम उठल्या. खिडकीपाशी येऊन त्यांनी एक वाटी उचलली, त्यातला मोठासा स्फटिक चमच्याच्या टोकाने दाबून फोडला आणि तुकडे तळहातावर घेतले. वरची पिवळी साल भुरभुरून पडली. आतून स्फटिक गर्द हिरवा होता.

"वरवरच पिवळं पडलंय," त्या मुलांना म्हणाल्या. "ऊन आत पोचलेलं नाही. वजनात फारसा फरक येणार नाही, गुण मी त्यावर देईन. रडू नका."

मग त्या सरांकडे वळल्या.

"लेखी काही देऊ नका, सर. हे अंधारात ठेवायचं असतं, हे मला जगात सगळ्यात आधी यांनी शिकवलंय. माझी मावशी आहे ही. सख्खी."

सरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं म्हणतात. मावशीने ते बघितलं नाही. तिला समोरचं काही दिसतच नव्हतं.

परीक्षा संपली तशी भाची सगळ्यांना चहाला पुढे पाठवून स्टोअरमध्ये आली आणि दार लोटून उभी राहिली. स्टूल होतं तिथेच होतं. आठवडाभर जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मावशीला आठवेना.

"सकाळी ओळखलं नाहीस," मावशी म्हणाली.

"ओळखलं. पण तू काय म्हणशील याची धास्ती वाटली."

"मी काय म्हणणार?"

"मागे म्हणाली होतीस तेच. जड झालीयेस."

मावशी स्टुलावर बसली. मग मात्र तिने आडवळण न घेता सगळं सांगून टाकलं. ते खोटं होतं. तू हलेनास म्हणून बोलले. तू गेलीस त्या दिवसापासून या स्टोअरचं दार वाजलं की मी मान वर करते, अजून करते. भाची चष्मा काढून पुसत राहिली. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या.

"मला ते कळलं, पण फार उशिरा," ती म्हणाली. "माझ्या मुलीला वसतिगृहात सोडून आले ना, त्या दिवशी. मग इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने यायचं, तेच कळेना." थोडं थांबून तिने विचारलं, "ती बाटली फेकून दिली असशील."

मावशी उठली. वरच्या फळीवरच्या आम्लाच्या बाटल्या बाजूला करून तिने मागून ती काढली आणि टेबलावर ठेवली. कागद नवा होता, गेल्याच आठवड्यातला.

"उघडलीस कधी?"

"तू म्हणालीस ना, आल्यावर उघडू."

"एकदाही नाही?"

"मरेल म्हणालीस."

भाचीला ते ऐकवेना. "अगं, घडीभर बघितलं असतंस तर काही झालं नसतं त्याला. आतपर्यंत तुटायला तासन्‌तास ऊन लागावं लागतं. मी रागाने म्हणाले होते. तू वाट बघत राहावीस म्हणून."

"मग बघितली की," मावशी म्हणाली.

बाहेरून सरांची हाक आली. स्टेशनवर जायला गाडी येऊन थांबली होती. भाचीने घाईघाईने कागदाला हात घातला, तेव्हा मावशीने तो हात धरला. दोन्ही हातांनी धरला.

"आज नको. असं उभ्या-उभ्या नको. मी घरी नेते. तू लेकीला घेऊन ये, निवांत. मग तिघी मिळून उघडू."

"लवकर नाही जमलं तर?"

"तर थांबेन. सवय आहे मला. जा आता टिपकागद, लोक खोळंबलेत."

भाचीने लहानपणी खुपसायची तसं तोंड मावशीच्या खांद्यात खुपसलं. येते म्हणाली. कधी, ते म्हणाली नाही आणि मावशीनेही विचारलं नाही.

गाडीचा आवाज गेल्यावर मावशीने बारा वाट्या धुतल्या, पुसल्या आणि कपाटात लावल्या. मग बाटली टॉवेलात गुंडाळून तिने पिशवीत ठेवली आणि निघाली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. थोड्या उन्हाने काही होत नाही, हे आता तिला माहीत झालं होतं. तरी ती रस्ता ओलांडून सावलीच्या बाजूला गेली आणि पिशवी छातीशी धरून घरापर्यंत भिंतीच्या कडेकडेने चालत राहिली.