त्रेसष्ट तळटीपा

“एकोणीसशे सदतीस!” मी म्हटलं.

“काय गं?” माझ्या लेकीला मांडीवर थोपटत सासूबाईंनी विचारलं.

“स्टाइल, आई. अक्षरांचा रंग, आकार ठरवून ठेवतात ना, त्या. वापरात जेमतेम चाळीस. बाकी नुसती अडगळ.”

“मग टाक काढून. माझ्या माळ्याला हात लावू नकोस म्हणजे झालं.”

संगणकावर होती बालरुग्ण विभागातल्या नर्ससाठीची चारशे पानांची पुस्तिका. दहा वर्षांत ज्याच्या हाती गेली, त्यानं आपली भर घातलेली: ‘शीर्षक नवे’, ‘शीर्षक नवे खरे’, ‘हेच वापरा’. फाइल उघडतानाच धापा टाकायची. आज चारच्या आत साफ करून दिली, तर ऑफिसातल्या मॅडम मला घरून काम करू देणार होत्या. नाहीतर सोमवारपासून ऑफिस, आणि आठ महिन्यांची लेक पाळणाघरात. सासूबाई रविवारी परत जाणार होत्या.

मी मॅक्रो लिहिला, म्हणजे संगणकाला एकदाच कामं नेमून दिली: प्रत्येक स्टाइल मजकुरात शोध, सापडली नाही तर पुसून टाक. साडेतीनला फाइल हलकी फूल झाली.

पाठवायची तेवढी बाकी होती. पण माझा स्वभाव संशयी; गॅस बंद केला तरी दोनदा बघणारी मी. पानं चाळली आणि दोनशे बाराव्या पानावर थांबले. ‘दोन महिन्यांखालील बाळांना हे औषध देऊ नये.’ ही तळटीप ठळक लाल असायची. आता चारचौघींसारखी काळी. तळटीपा माझ्या मॅक्रोच्या गावीच नव्हत्या. त्यांच्या स्टाइल बिनवापराच्या समजून त्यानं पुसल्या होत्या. अशा त्रेसष्ट सूचना.

“शब्द आहेत ना जागेवर?” सासूबाई म्हणाल्या. “दे पाठवून. कोण बघतंय?”

“घाईतल्या नर्सला लालच दिसतं, आई.”

त्यांनी मांडीवरच्या नातीकडे पाहिलं. मग “कर तुझं निवांत,” म्हणत तिला उचलून आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

मी मॅडमना फोन लावला. “चारला फाइल नाही मिळणार. चूक माझीच आहे. मूळ प्रत घेऊन पुन्हा करते.”

“आपलं काय ठरलंय, लक्षात आहे ना?”

“आहे, मॅडम.”

मॅक्रोला तळटीपा, चौकटी, पानांचे माथे, सगळीकडे शोधायला लावलं. मग त्रेसष्टच्या त्रेसष्ट सूचना मूळ प्रतीशी ताडून पाहिल्या. सव्वासातला फाइल गेली.

उत्तर एका ओळीचं आलं: ‘मिळाली. सोमवारी नऊला ऑफिसात भेटू.’

मी संगणक मिटला, आणि पाळणाघरात न्यायची लेकीची झबली पुढ्यात घेऊन एकेकावर तिचं नाव लिहायला बसले.