गुडघ्यांनी मारलेली झाडं

डोंगरउतारावरच्या नऊशे रोपांपैकी सहाशे चाळीस रोपं बाईंनी मारली. कुऱ्हाडीने नव्हे हो, पेन्सिलीने. वनखात्याच्या पाहणीच्या वहीत रोपाच्या नंबरापुढे ‘मृत’ असं लिहिलं की ते रोप मेलं, मग त्याने मागून कितीही पानं फोडून दाखवावीत. एकदा मेलं ते पुन्हा तपासायचं नाही, असा खात्याचा नियमच होता. आणि लिहिणाऱ्या बाई म्हणजे तीस वर्षं मुरलेल्या. त्यांचा शब्द काळ्या दगडावरची रेघ, असं सगळे म्हणत. सगळ्यांत जास्त वेळा बाई स्वतःच म्हणत.

पाहणीची रीत तशी साधी. उन्हाळा सरत आला की उतारावर जायचं, निष्पर्ण रोपाची साल अंगठ्याच्या नखाने जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर मृत. मात्र खरवडायचं तीन ठिकाणी: शेंड्याला, मधोमध आणि अगदी खाली, मातीला टेकलेल्या बुंध्याशी. कारण पावसाने दगा दिला की लहान झाड आधी पानं टाकतं, मग बारक्या फांद्या, मग शेंडाही सोडून देतं, आणि उरलासुरला जीव घेऊन मुळाशी दडी मारून बसतं. नव्याने कामाला लागलेल्या पोरापोरींना बाई हे इतकं घोळून घोळून सांगत की बिचारी जांभया दाबून दाबून थकत.

आता रोपं होती गुडघ्याएवढी. शेंडा आणि मधला भाग कंबरेत जरा वाकलं की हाताशी येई. बुंध्यासाठी मात्र उकिडवं बसावं लागे, आणि घोडं पेंड खात होतं ते इथेच. दोन वर्षांपूर्वी बाईंच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता, आणि बाईंनी तो मंजूर केला नव्हता.

नवरा सुतार. त्याने हौसेने एक काठी करून दिली. बाईंनी ती खिडकीत आडवी टाकून तिच्यावर मोजे वाळत घातले.

“अहो, माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?” त्या म्हणाल्या.

“मग जिना चढताना पायरीपायरीला देवाचं नाव का घेतेस?”

“भक्ती वाढलीय माझी.”

उतारावर मात्र बाई बुंध्यापर्यंत जाईनाशा झाल्या. इतक्या वर्षांच्या अनुभवाला बुंधा कशाला बघायला हवा, वरून नजर टाकली तरी कळतं, असं त्यांनी स्वतःला पटवलं. स्वतःला पटवायला वेळ लागत नाही. ऐकणारा आधीच आपल्या बाजूचा असतो. गेल्या वर्षी तीनशे दहा रोपं ‘मृत’, यंदा आणखी तीनशे तीस. पाऊस सलग तिसऱ्या वर्षी नावापुरता पडलेला, त्यामुळे आकड्यांवर कुणी शंकाही घेतली नाही.

साहेबांनी निर्णय घेतला. ही इथली जात या बदललेल्या हवेत टिकत नाही. गुरुवारी सकाळी आठला मशीन लावून उतार मुळासकट नांगरायचा आणि बाहेरून आणलेली, भराभर वाढणारी झाडं लावायची. बाईंनी खाली सही केली आणि वर ‘फार वाईट झालं’ असा चेहराही केला.

बुधवारी त्या मेलेल्या रोपांचे पत्र्याचे बिल्ले सोडवायला गेल्या. बिल्ले पुन्हा वापरायचे असतात. ते तारेने बांधलेले, तेही नेमके बुंध्याशी.

“मी काढतो, बाई,” जीपचा ड्रायव्हर म्हणाला.

“का? मला हात नाहीत का?”

ड्रायव्हर स्टेपनीचं पंक्चर काढून आणतो म्हणून जीप घेऊन गेला. बाईंनी इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही याची खात्री केली आणि देवाचं नाव घेत खाली बसल्या. बिल्ला सोडवला. उठायला गेल्या, तर गुडघे म्हणाले, आता आम्ही काही येत नाही. हातावर जोर दिला, कुशीवर वळून पाहिलं, रांगून पाहिलं. वनखात्याची पाहणी अधिकारी, आणि उतारावर उलथलेल्या कासवासारखी गत! शेवटी त्या तशाच बसून राहिल्या, घामाघूम.

बसल्या बसल्या करणार काय? सवयीने नख समोरच्या रोपाच्या बुंध्याला लागलं. साल सरकली. आत हिरवं.

बाईंनी पुन्हा खरवडलं. हिरवंगार, ओलसर. त्या बसल्या बसल्या पुढच्या रोपाकडे सरकल्या. हिरवं. त्याच्या पुढचं तपकिरी, आणि ते बघून, देव क्षमा करो, बाईंना क्षणभर हायसं वाटलं. त्यापुढची पाच हिरवी.

तासाभराने ड्रायव्हर आला, तेव्हा बाई साडी धुळीत फरफटवत उतारभर बसून सरकत होत्या आणि एकेका रोपाला म्हणत होत्या, “तू पण का रे बाबा? तू पण?” त्याने त्यांना मागून काखेत धरून उभं केलं. मग आभाळात काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखा तिकडे बघत राहिला.

जीपमध्ये तो हळूच म्हणाला, “पाहणीनंतर जीव धरला म्हणून सांगा. झाडांचं कोण सांगतं?”

बाईंनाही ते फार आवडलं. साहेबांच्या दारापर्यंत त्यांनी तेच घोकलं.

साहेब वयाने लहान. उमेदवारीत बाईंच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “मॅडम, दहा-वीस रोपं जीव धरतात कधीकधी. तेवढ्यासाठी मशीन नाही थांबवता येणार. तुमचे दोन वर्षांचे आकडे आहेत ना समोर.”

“आकडे खोटे आहेत.”

“खोटे कसे असतील? शेंडा, मधोमध, बुंधा. तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत.”

दुष्काळ, नखं, मदतनीस, चष्मा, सगळी कारणं बाईंच्या डोळ्यांसमोरून गेली. पण त्यातलं एकही सकाळी आठचं मशीन थांबवणारं नव्हतं.

“बुंधा बघितलाच नाही मी,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं. मला खाली बसता येत नाही. बसले तर उठता येत नाही. आणि हे सांगायची लाज वाटत होती.”

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. मग फोन उचलून मशीनवाल्याला येऊ नका म्हणून सांगितलं. बाईंना मात्र हुकूम मिळाला: सहाशे चाळीस रोपं पुन्हा तपासायची, आणि त्यानंतर उतारावरचं काम बंद. निवृत्तीपर्यंतचे आठ महिने टेबलाशी.

नवऱ्याने ऐकलं, हसला नाही, आणि सकाळपर्यंत एक बुटकं स्टूल करून ठेवलं. पट्ट्याने कमरेला बांधायचं. उठलं की मागोमाग उठणारं. “चाकंही लावणार होतो,” तो म्हणाला, “पण उतार आहे. थेट नाल्यात पोचली असतीस.” असं मागे स्टूल लटकवून बाई नऊ दिवस उतारावर हिंडल्या. ऑफिसातले लोक मुद्दाम काहीबाही कामं काढून बघायला येत. बाईंनी तीस वर्षांत जेवढा मान कमावला होता, तेवढा त्या स्टुलावर बसून उधळला.

फॉर्मात प्रत्येक जिवंत रोपापुढे एक रकाना होता: आधीची नोंद चुकण्याचं कारण. आठव्या दिवशी साहेब स्वतः वर आले आणि फॉर्म चाळून बाजूला बसले.

“मॅडम, कारणात ‘दुष्काळ’ लिहा. दुष्काळ म्हटलं की वरचे कुणी विचारत नाहीत. तुमच्या नावाला उगीच डाग कशाला?”

“दुष्काळाने कुठे मारलं होतं त्यांना?” बाई म्हणाल्या. “दुष्काळात ती जगली होती, साहेब. मारलं मी.”

साहेब उठून गेले. बाईंनी डोळे पुसले आणि पुढच्या रकान्यात आधीच्यासारखंच लिहिलं: वाकले नाही. असं तीनशे सत्याऐंशी वेळा लिहून झालं. हात भरून आला, पण वरच्यासारखंच म्हणून खुणा करायला त्या धजल्या नाहीत.

नवव्या दिवशी संध्याकाळी एकच रोप उरलं. शेंडा वाळकं काडूक, मधोमध तपकिरी, बुंधाही तपकिरी. पेन्सिल ‘मृत’कडे निघालीच होती. बाईंनी ती कानावर अडकवली, कमरेचं स्टूल सोडून सरळ जमिनीवर बसकण मारली आणि बोटाने माती उकरली. दोन बोटं खाली नख लावलं. हिरवं होतं, धाग्याएवढं, पण होतं. त्यांनी माती परत नीट सारली, थोपटली, आणि फॉर्मात शेवटची ओळ लिहिली.

आता उठायचं होतं. स्टूल हातभर लांब पडलं होतं. ड्रायव्हर दहा पावलांवर, नेहमीसारखा आभाळाकडे बघत उभा होता.

“अहो,” बाईंनी हाक मारली. “जरा हात देता का?”

तो आला, हात पुढे केला. “दोन वर्षं वाट बघतोय, बाई,” तो म्हणाला. “मला वाटलं, मागतच नाही तुम्ही.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” बाई म्हणाल्या आणि त्याचा हात घट्ट धरून उठल्या.