चार नंबरची जागा

"कॉम्प्रेसर गेला, वहिनी. आता या गाडीत बोकडसुद्धा बसायचा नाही," मुनेश्वर म्हणाला, आणि शेडमध्ये पातेल्याभोवती यंगोनाच्या मुळांचं पेय पीत बसलेले ड्रायव्हर खिदळले.

सुमिंत्रा ओढणी कमरेला खोचून उघड्या बॉनेटपाशी उभी होती. ती हसली नाही. लंबासा शहरातल्या टॅक्सी बेसवर, म्हणजे स्टँडवर, मी रोटी पार्सल विकते. माझं टेबल आणि तिची चार नंबरची जागा अगदी शेजारी, त्यामुळे मला सगळंच दिसतं. जागा मूळची तिच्या नवऱ्याची, हरिलालची. तो गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई गाडी विकेल आणि घरी बसेल. ही तेरावं उरकून दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर हजर! बेसचा मुखिया मुनेश्वर. त्याला ती जागा जावयासाठी हवी होती. नुसत्या बाई असण्यावरून हिला काढता येईना, तेव्हा त्याने नवा नियम काढला: ज्या गाडीचा एसी चालत नाही, ती सोमवारपासून रांगेत उभी राहणार नाही. आणि एसी बिघडलेली गाडी बेसवर एकच होती.

नदीपलीकडच्या गावातला मेकॅनिक सेमी एसीच्या गॅसचं नळकांडं खांद्यावर घेऊन आला. बेसवरच्या सगळ्या गाड्यांचे एसी तोच बघतो. अंगाने दांडगा, मनाने गरीब, कामात थोडा आळशी.

"भरून देतो, ताई. दोन मिनिटांचं काम."

"गेल्या महिन्यात भरलास, त्याच्या आधीच्या महिन्यात भरलास. जातो कुठे तो गॅस? मी पिते का?"

"जुनी गाडी आहे. थोडा उडतोच."

"कापूर आहे का उडायला?"

"मुनेश्वरभाई म्हणतात, कॉम्प्रेसरच—"

"मुनेश्वरभाईंना माझी जागा पाहिजे. उद्या त्यांना माझी चाकंसुद्धा गेलेली दिसतील. तू तुझ्या डोळ्यांनी बघ."

सेमीने इंजिन चालू करून एसी लावला. कॉम्प्रेसरची पुढची चकती टक्क करून फिरायला हवी होती. ती ढिम्म. मग त्याने एक तार लावून तिला थेट करंट दिला. टक्क! चकती गरगर फिरली. त्याने लगेच तार काढली.

"जिवंत आहे, ताई. गॅस कमी झाला की गाडीच त्याला बंद ठेवते, जळू नये म्हणून."

"ऐकलंत का मुनेश्वरभाई?" सुमिंत्रा शेडकडे बघून ओरडली. "जिवंत आहे! पुढच्या वेळी मेल्याची बातमी देताना नाडी बघत जा."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मुनेश्वरने वाटी तोंडाला लावली.

मी भांड्यांच्या साबणाचं दाट पाणी करून दिलं. सेमीने नळीत थोडा गॅस सोडला आणि ब्रशने एकेका सांध्याला साबण लावत गेला. गळती असेल तिथे बुडबुडे येतात. पुढच्या जाळीपाशी काही नाही, पाइपांवर काही नाही. सेमी घामाने निथळला.

"नाही सापडत, ताई."

"जिथून भरतोस तिथे लावलास?"

"तिथे कशाला? तिथे तर मीच..."

तिने ब्रश त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः लावला. आधी काहीच दिसलं नाही. मग एक बुडबुडा आला, फुगत फुगत बोराएवढा झाला आणि फुटला. लगेच दुसरा आला.

"याला टोपण होतं ना, सेमी?"

सेमीने मान खाली घातली. गॅस भरायच्या तोंडातली पिन कधीची खराब झाली होती, आणि वरचं टोपण त्याच्याच हातून कुठेतरी पडलं होतं. तो गाडी आपल्या शेडवर घेऊन गेला. संध्याकाळी आणून दिली ती नवी पिन टाकून, नळ्यांतली हवा खेचून, नव्याने गॅस भरून. टोपण इतकं घट्ट बसवलं होतं की मला हसू आलं.

सोमवारी सकाळी मुनेश्वरने गाडीत हात घालून वारा तपासला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"गार आहे. ठीक आहे. पण वहिनी, आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलंय. बाईमाणसाने असं रस्त्यावर..."

सुमिंत्राने काच वर केली.

तो बाहेरून बोलत राहिला. मग काच ठोठावायला लागला. आणखी दोघे आले. तिने समोरून नजर हलवली नाही. थंडी वाजत असणार, कारण तिने ओढणी खांद्यांवर लपेटली. हरिलाल उभ्या गाडीत एसी लावू द्यायचा नाही, त्यावरून दोघांची रोज भांडणं व्हायची, मी ऐकलेली. आता बंद कर म्हणणारं कोणी नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते. मला गलबलून आलं आणि या पुरुषांचा असा संताप आला की हातातला झारा फेकून मारावासा वाटला. तिने बटण फिरवून वारा आणखी वाढवला.

तेवढ्यात मार्केटातून दालोच्या कंदांच्या जुड्या घेऊन एक म्हातारी आली. मुनेश्वर नेमका मागच्या दारापाशी उभा.

"सरक की बाजूला! उन्हात जीव चाललाय माझा."

तो सरकला. म्हातारी आत बसली आणि गाडी पुलाकडे निघून गेली.

चार नंबरची जागा रिकामी होती. जावयाची गाडी मागे तयार उभी होती. ती पुढे घे असं मुनेश्वर त्याला म्हणाला नाही.